हिवाळ्याच्या सुटीत कुठे जायचे?

आपल्या घरांत 'फिरायला जाणे' हा शब्दप्रयोग तसा नवा आहे. आपण जात होतो ते उरसाला, जियारतीला, लग्नाला, मय्यतीला, नाहीतर मे महिन्यात नानीच्या गावाला. कुठे चाललात असे कुणी विचारले, तर उत्तरात एखाद्या नातेवाईकाचे नाव यायचे किंवा एखाद्या बुजुर्गाचे. नुसते काहीतरी पाहण्यासाठी घराला कुलूप लावून, पैसे खर्चून, चार दिवस लॉजवर राहायचे, ही गोष्ट माझ्या अब्बांना कुणी सांगितली असती तर त्यांनी 'का?' असा एकच प्रश्न केला असता.

त्यातून हिवाळा तर आमच्यासाठी प्रवासाचा नव्हताच. १९९८ ते २००१ या वर्षांत रमजान डिसेंबरात किंवा त्याच्या आगेमागे येत होता. मी तेव्हा शाळेत होते. डिसेंबर म्हटला की मला आठवते ती सहेरीची थंडी, चुलीजवळ बसून प्यालेला चहा आणि लवकर मावळणारा दिवस. रोजे लहान असायचे म्हणून आम्हा मुलांना ते सोपे जायचे. पुढे रमजान मागे मागे सरकत उन्हाळ्यात गेला आणि डिसेंबर मोकळा झाला. २०३० मध्ये तो पुन्हा हिवाळ्यात येईल. तेव्हा माझी मुले मोठी झालेली असतील. म्हणजे लहान मुलांना घेऊन हिवाळ्यात फिरण्याची मुभा आमच्या वाट्याला मोजक्या वर्षांसाठीच आलेली आहे.

आमचे घर सोलापुरात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माझे पती एका चादरीच्या कारखान्यात हिशेब सांभाळतात. मुलगी चौथीत, मुलगा पाच वर्षांचा. त्याला बाळदम्याचा त्रास आहे. घरात सासूबाई आहेत, त्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो. त्यांचे गुडघे दुखतात, पण मन अजून चालते-फिरते आहे. २०२३ च्या डिसेंबरात मुलांच्या शाळेला नाताळाची आठवडाभर सुटी होती. मला दोन दिवस किरकोळ रजा मिळण्यासारखी होती. पंधरा हजारांच्या आत बसेल असे काहीतरी ठरवायचे होते. रात्रीच्या जेवणानंतर दस्तरखान आवरला की मशवरा सुरू व्हायचा. एखाद्या निकाहची बोलणी चालावीत तसा तो आठ दिवस चालला.

पहिले नाव निघाले महाबळेश्वरचे. माझ्या नणंदेचा तो आग्रह होता. डिसेंबरात तिथे स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू झालेला असतो, मुले घोड्यावर बसतील, तळ्यात होडी आहे. सगळे खरे. पण महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंचीवर. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. ती बातमी वाचून ज्यांना जावेसे वाटते त्यांनी जरूर जावे. मला मात्र ती वाचली की मुलाच्या छातीतली घरघर ऐकू येते. शिवाय २५ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात तिथले दर ऐकले की स्ट्रॉबेरी कडू लागते.

त्या रात्री मला एक गोष्ट लक्षात आली. थंड हवेची ठिकाणे ही उन्हाळ्याची गरज आहे. इंग्रजांनी ती वसवली तीच मुळी एप्रिल-मेच्या उन्हातून पळण्यासाठी. आपण ती सवय उचलली आणि सुटी म्हटली की डोंगर, हे समीकरण डोक्यात पक्के करून घेतले. पण आपल्या सोलापूर, विजापूर, गुलबर्गा, औरंगाबादच्या पठारावर मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा किल्ल्याच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. त्याच पठारावर डिसेंबरात दुपारी ३० अंशांच्या आसपास ऊन असते आणि पहाटे १५ च्या आसपास गारवा. स्वेटर सकाळी घालावा आणि दहा वाजता काढून पिशवीत टाकावा. जी ठिकाणे उन्हाळ्यात आपल्याला जवळ येऊ देत नाहीत, तिथे जाण्याचा हाच मोसम आहे. थंडीच्या दिवसांत आणखी थंडीकडे कशाला धावायचे?

हे मी मांडले तेव्हा अम्मी लगेच म्हणाल्या, "फिर गुलबर्गा चलो. बंदानवाज की जियारत हो जाएगी." ख्वाजा बंदानवाज गेसूदराज १४२२ मध्ये गुलबर्ग्यात वारले. तेव्हापासून दखनच्या किती पिढ्यांनी त्यांच्या चौकटीवर डोके टेकले असेल याला गणती नाही. शहराचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले, पण अम्मींच्या तोंडी ते गुलबर्गाच. तिथे किल्ल्यात १३६७ ची जामा मशीद आहे, तिला मोकळे अंगणच नाही, सगळी छताखाली. मलाही ती पाहायची होती. पण मुलीचा चेहरा उतरला. दर्ग्याला आपण जातोच की, असे तिला वाटले असावे. सोलापूरहून रेल्वेने गुलबर्गा दोनेक तासांवर आहे. सकाळी जाऊन रात्री परत येता येते. म्हणून अम्मींची जियारत जानेवारीतल्या एका रविवारसाठी वेगळी काढून ठेवली आणि त्यांनीही ते खुशीने मान्य केले.

हैदराबादचे नाव निघणे अटळ होते. रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर. १५९१ चा चारमिनार, प्राणिसंग्रहालय, सालारजंग म्युझियममधले ते घड्याळ, ज्यातून तासातासाला एक छोटा माणूस बाहेर येऊन घंटा वाजवतो. मुलांसाठी याहून चांगले काय? पण तिथे यांच्या खालाजान राहतात. त्यांच्या घरी न उतरता लॉजवर राहिलो असतो तर आयुष्यभराची नाराजी, आणि उतरलो असतो तर चार दिवस दावती. अम्मींनीच निकाल दिला, "रिश्तेदारी में गए तो खाना होता, घूमना होताच नै." हैदराबाद त्या वाक्याने बाद झाले.

मुलाच्या अब्बांच्या मनात समुद्र होता. त्यांनी लहानपणी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून मुलांनी तो लवकर पाहावा अशी त्यांची इच्छा. समुद्रकाठच्या एका गावातल्या लॉजला त्यांनी फोन केला. रूम होती. दर ठरला. आगाऊ रक्कम कशी पाठवायची तेही पलीकडच्या माणसाने सांगितले. मग त्याने नाव विचारले. नाव ऐकल्यावर तो जरा थांबला आणि 'बघून सांगतो' म्हणाला. दहा मिनिटांनी रूम शिल्लक नव्हती. दुसऱ्या दिवशी यांच्या कारखान्यातल्या एका मित्राने त्याच तारखांसाठी आपल्या नावाने चौकशी केली, तर रूम होती. मित्राला आमच्यापेक्षा जास्त लाज वाटली. तो म्हणाला, "माझ्या नावावर घेऊ का? तुम्ही जाऊन राहा." यांनी त्याचे आभार मानले आणि नको म्हणाले. घरी येऊन मला एवढेच सांगितले, "मुलांना घेऊन दुसऱ्याच्या नावाने राहायचे म्हणजे तीन दिवस मुलांना गप्प बसवावे लागेल. 'अब्बा' म्हणू नका, 'अम्मी' म्हणू नका. ती कसली सुटी?"

आम्ही हे हळू आवाजात बोलत होतो. पण चौथीतल्या मुलीला हळू आवाजच जास्त ऐकू येतो. तिने विचारले, "नाव सांगितलं की रूम संपते का?"

वाचकांपैकी बहुतेकांनी हा प्रश्न कधी ना कधी ऐकला असेल, नाहीतर पुढे ऐकतील. मी शिक्षिका आहे, मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचाच पगार घेते. मी तिला म्हणाले, "काही ठिकाणी संपते, बेटा. सगळीकडे नाही. संपत नाही अशा ठिकाणी आपण जाऊ." हे उत्तर खरे होते. पण ते पुरेसे आहे की नाही ते ठिकाण निवडल्यावरच कळणार होते. तोपर्यंत आमचा मशवरा पैसे, अंतर आणि हवा यांच्याभोवती फिरत होता. आता त्यात आणखी एक गोष्ट आली. मुलांना अशा जागी न्यायचे होते जिथे त्यांना आपण पाहुणे आहोत असे वाटणार नाही.

मग मुलीने स्वतःचे ठिकाण सांगितले. "मेरेकू प्रतापगड देखना है."

आपल्या राज्यात चौथीला 'शिवछत्रपती' हे इतिहासाचे पुस्तक असते. मी स्वतः ते शिकले आहे आणि शिकवतेही. मुलीला त्यातली चित्रे तोंडपाठ आहेत. पण त्याच पुस्तकाच्या तासाला एका मुलाने तिला सहज विचारले होते, "अफजलखान तुमच्यातला ना?" त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हते. नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात काय असणार? पण ती घरी येऊन मला विचारत होती, "आपण विजापूरचे आहोत का?"

प्रतापगडला न्यायला माझी ना नव्हती. तो महाराष्ट्राचा किल्ला आहे, म्हणून तिचाही आहे. पण तो महाबळेश्वरजवळचाच डोंगर, म्हणजे पुन्हा तीच थंडी, लांबचा प्रवास आणि अम्मींसाठी पायऱ्या. आणि मला असेही वाटले की १० नोव्हेंबर १६५९ ची ती गोष्ट जिथे संपते तिथे जाण्याआधी, जिथून ती निघाली ती जागा तिने पाहावी. ती जागा आमच्या घरापासून जेमतेम १०० किलोमीटरवर आहे. सोलापूरहून होटगीमार्गे रेल्वेने तीनेक तास. रात्रीचा प्रवास नाही, घाट नाही, मुलाला गाडी लागण्याची भीती नाही. काही बिनसले तर संध्याकाळी घरी परत येता येते. लहान मुले बरोबर असताना ही शेवटची गोष्ट मी सगळ्यात वर ठेवते.

यांनी विजापुरातल्या एका लॉजला फोन केला. मीच त्यांना म्हटले, आधी नाव सांगा, मग दर विचारा. त्यांनी तसेच केले. पलीकडच्या माणसाने कानडी वळणाच्या हिंदीत एकच प्रश्न केला, "बच्चे छोटे हैं तो गरम पानी सुबह कितने बजे चाहिए?" हे उत्तर मी मुलीला मुद्दाम मोठ्याने सांगितले.

विजापूरचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून विजयपुरा झाले आहे. आम्ही तिथे दोन रात्री राहिलो. नियम ठरवून घेतला होता. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, चारनंतर दुसरे. याहून जास्त पाहायचे नाही. पाच वर्षांच्या मुलाला एका दिवसात सहा इमारती दाखवल्या तर त्याला त्यातली एकही आठवत नाही, फक्त पाय दुखल्याचे आठवते.

गोलघुमटात सकाळी दरवाजे उघडताच शिरलो, कारण दहा वाजले की शाळांच्या सहली येतात. महंमद आदिलशहा १६५६ मध्ये वारला, त्याची ही कबर. आतून सुमारे ३८ मीटर रुंदीचा घुमट आणि मधे एकही खांब नाही. अम्मी खालच्या हिरवळीवर म्युझियमसमोर उन्हात तसबीह घेऊन बसल्या. आम्ही कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याच्या जिन्याने वर गेलो. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. मुलाला मधूनमधून कडेवर घ्यावे लागले. पण वर पोचल्यावर तो दमल्याचे विसरला. मुलगी सज्जाच्या एका टोकाला, तो माझ्याबरोबर समोरच्या टोकाला. भिंतीला तोंड लावून काहीही कुजबुजायचे आणि पलीकडे कान लावून ऐकायचे. त्याने जगातली सगळ्यात मोठी गुपिते सोडून "आपा, भूक लगी" एवढेच सांगितले. ते तिला स्पष्ट ऐकू गेले. थोड्या वेळाने एक सहल वर आली, शंभर मुले एकदम ओरडू लागली, आणि मग कुणाचेच कुणाला ऐकू येईना.

खाली उतरताना मी तिला सांगितले की ही इमारत बांधणारा कारागीर म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो याकूत, दाभोळचा. ती थबकली. "दाभोळ म्हणजे आपल्या कोकणातलं? मग तो महाराष्ट्राचाच ना?" तिने हिशेब स्वतःच केला, मी फक्त मान हलवली.

दुपारी कडक भाकरी आणि भरली वांगी खाल्ली. चव इतकी आपली होती की अम्मी म्हणाल्या, हे लोक सोलापूरचेच दिसतात. हॉटेलवाला हसला आणि म्हणाला, सोलापूरचे लोक आमचे आहेत.

संध्याकाळी मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. वजन सुमारे ५५ टन. तिचे तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दातांत हत्ती. १५४९ मध्ये ती अहमदनगरला ओतली गेली, ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी होता. मुलाने तिच्यावर गाल टेकवला आणि थंडगार आहे असे जाहीर केले. जुम्मा मशिदीत फरशीवर नमाजींसाठी आखलेले चौकोन आहेत, २,२५० असे सांगतात. मुलीने मोजायला सुरुवात केली, पण दोनशेच्या पुढे गोंधळली. तिथेच तिला कसर नमाजही समजावून सांगितली. हनफी मताप्रमाणे साधारण ४८ मैलांच्या, म्हणजे ७७ किलोमीटरच्या पुढे आणि पंधरा दिवसांहून कमी मुक्कामासाठी गेलेला माणूस मुसाफिर ठरतो आणि त्याच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. मुलगी म्हणाली, "म्हणजे अल्लालाही माहीत आहे, प्रवासात माणूस दमतो." यापेक्षा चांगला खुलासा मला करता आला नसता.

दुसऱ्या दिवशी इब्राहिम रोजा. दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० ते १६२७ पर्यंत गादीवर होता. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. त्याने 'किताब-ए-नवरस' लिहिली. त्यात सरस्वती आणि गणपती यांचेही स्मरण आहे आणि बंदानवाजांचेही. हे ऐकून अम्मींनी तिथूनच गुलबर्ग्याच्या बाजूला हात जोडले. आणि ती किताब दखनीत आहे. आमच्या घरात 'नक्को' आणि 'मेरेकू' म्हणतात तीच ती भाषा, जिला उत्तरेकडचे लोक बिघडलेली उर्दू समजतात आणि ऐकून हसतात. मुलीला मी एवढेच म्हटले की तुझी बोली एकेकाळी बादशहाच्या किताबाची होती.

त्या रोजाच्या अंगणात, उन्हात बसून, तिच्या वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोघींनी मिळून लावले. अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर होता. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे याच आदिलशाहीत मोठे सरदार होते. पहिल्या इब्राहिमाच्या काळात इथल्या महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत आले. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, पायदळात नूर बेग होता. म्हणजे ही राजांची लढाई होती, आणि दोन्ही बाजूंना दोन्हीकडचे लोक होते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तो आपल्यातला होता की नव्हता?" मी म्हणाले, "तो त्याच्या मालकाचा होता. आपण कुणाच्या बाजूचे, ते आपण आज कसे वागतो त्यावरून ठरते." तिला हे किती पटले ते मला सांगता येणार नाही. पण सुटीनंतर वर्गात तिने याकूत दाभोळकराची गोष्ट सांगितली. आडनाव तिनेच लावून दिले.

सगळा खर्च साडेनऊ हजारांच्या आसपास आला. मुलाला एकदाही पंप द्यावा लागला नाही.

लहान मुलांना हिवाळ्यात कुठे न्यावे, असे आता मला शाळेतल्या सहशिक्षिका विचारतात. मी सांगते, एका दमात तीन तासांहून लांब जाऊ नका. दिवसा ऊन मिळेल अशी जागा बघा. थंडीत उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी येतात, ते एका दिवसात पाहून होतात. नळदुर्गचा किल्ला तर आम्हा सोलापूरकरांच्या दाराशीच आहे. आणि आपल्या घरांतल्या बायकांना मी आणखी एक सांगते. मुलांना फक्त करमणुकीच्या जागी नेऊ नका आणि फक्त जियारतीलाही नेऊ नका. ज्या मातीत आपण चारशे-पाचशे वर्षे घरे बांधली, विहिरी खोदल्या, हिशेब लिहिले, ती माती त्यांना एकदा उन्हात बसून दाखवा. पुस्तकातला एक धडा वाचून जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे कधीकधी दगडांजवळ मिळतात.

प्रतापगड राहिला आहे. मुलीने तो विसरू दिलेला नाही, आणि मलाही तो तिला दाखवायचाच आहे. दिवाळीच्या सुटीत, थंडी वाढायच्या आधी, जायचे ठरले आहे. अम्मी म्हणतात, पायऱ्या चढवल्या नाहीत तरी खाली बसून राहीन. लॉजला फोन या वेळी मुलगी करणार आहे. आधी नाव सांगायचे आणि मग दर विचारायचा, हे तिला आता माहीत आहे.